रविवारी काट्यावर ठेवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमळनेरला माझं किराणा दुकान आहे. सुट्ट्यांत मुलांच्या हट्टापायी आमच्या एका गल्लीतच तीन घरांत गिनीपिग आलेत, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे दोन माद्या होत्या, बुंदी आणि खसखस. नावं मुलीने दुकानातल्या बरण्या बघून ठेवलेली. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "सशा-उंदरासारखंच आहे, काहीही खातं." आम्ही तेच धरून चाललो. तयार गोळ्यांचं खाद्य, भाकरीचा तुकडा आणि केळी, कारण केळी आपल्याकडे घरात असतातच. गवत मात्र आठवलं तर.

गेल्या वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा होती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. रात्री घरी आलो तर बुंदी कोपऱ्यात अंग फुगवून बसलेली, खाद्य वाटीत तसंच. आई म्हणाली, "काय व्हयनं रे हिले?" मी म्हणालो, ऊन किती आहे, माणसाला जेवण जात नाही तिथे हिला काय जाणार. दुसऱ्या दिवशी पिंजरा झाडताना लेंड्या निम्म्यासुद्धा नव्हत्या. होत्या त्या बारीक, एका टोकाला निमुळत्या. हनुवटीखालचे केस ओले. पाणी पिताना भिजले असतील, असं समजून मी ते पुसले.

मुलीचा घसा दुखला तेव्हाचं अमॉक्सिसिलिनचं सिरप फ्रिजमध्ये उरलं होतं. ते मी ड्रॉपरने पाजलं. दोन दिवस पाजलं. मग तिला जुलाब लागले आणि चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. मुलगी उठायच्या आत मी तिला परसात पुरलं.

नंतर खसखसला घेऊन जळगावला एका पशुवैद्यांकडे गेलो. तिच्या दाढा तपासता तपासता त्यांनी बुंदीचं काय झालं असणार ते समजावलं. गिनीपिगला 20 दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढतात. दिवसभर वाळलेलं गवत चघळलं तरच झिजतात. नाहीतर खालच्या दाढा आत वळून जिभेवर कमान धरतात. भूक असते, जनावर वाटीपाशी येतं, घास तोंडात घेतं आणि टाकून देतं. गिळता येत नाही म्हणून लाळ गळते. मी पुसलेली ओली हनुवटी ती हीच. त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. 12 तास पोटात काही गेलं नाही, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठायचा. आणि पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन ही औषधं त्याला तोंडावाटे कधीच द्यायची नाहीत. आतड्यातले चांगले जंतू मरतात, विष सोडणारे माजतात. आपल्या लेकरांना आजारपणात देतो ते औषध त्याचा जीव घेतं, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर!

हा प्राणी रानात दुसऱ्यांचं भक्ष्य. दुखणं दाखवलं की गेला, म्हणून तो शेवटपर्यंत लपवतो. आपल्याला दिसतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. वजन मात्र त्याला लपवता येत नाही. मी दिवसभर काट्यापाशी बसणारा माणूस, पण बुंदीला एकदाही काट्यावर ठेवलं नाही.

आता दर रविवारी दुकान उघडायच्या आधी खसखसला टोपलीत घालून काट्यावर ठेवतो आणि उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहितो. श्रावणात ती 920 ग्रॅमवरून 875 वर आली, पुढच्या रविवारी 830. खात होती, लेंड्याही बऱ्या होत्या. फक्त कोथिंबिरीची जुडी सोडल्याचा आवाज आला की शीळ घालत धावत यायची, ती यायची थांबली होती. उचललं की ओरडायची. डॉक्टरांनी मागच्या पायाचे सांधे दाबून बघितले आणि सांगितलं, क जीवनसत्त्व कमी पडतंय. माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरातही ते तयार होत नाही. किलोमागे रोज 10 ते 30 मिलिग्रॅम बाहेरूनच मिळावं लागतं. आम्ही स्वस्त पडतं म्हणून मोठी गोणी आणून सहा महिने वापरत होतो. तयार खाद्यातलं क जीवनसत्त्व तीनेक महिन्यांत उडून जातं. माल जुना झाला की कस जातो, हे मला दुकानात कळतं, घरात कळलं नाही. औषधाचे थेंब, रोज ढोबळी मिरचीची फोड आणि कोथिंबीर यांवर ती पंधरा दिवसांत धावायला लागली.

लसूण घासाचंही सांगतो (हा गुरांचा हिरवा चारा, स्वयंपाकातला लसूण नव्हे), कारण तो आपल्याकडे सहज मिळतो. पिल्लांना आणि गाभण मादीला चालतो. मोठ्यांना रोज दिला तर त्यातल्या कॅल्शियममुळे मूतखडा होऊ शकतो. लघवी करताना कण्हणं किंवा लाल डाग दिसले तर थांबू नका. उलट, तो पंजांनी स्वतःचं तोंड धुताना डोळ्यांतून दुधासारखं पाणी येतं, ते नेहमीचंच. माझी मुलगी त्याने रडकुंडीला आली होती. नाक-डोळ्यांवर खपली धरली, श्वासाला घरघर लागली, तर मात्र आजार.

ऊन हे कारण नसतंच असं नाही. पारा 28 च्या वर गेला की याला सोसत नाही आणि आपल्याकडे वैशाखात 44-45. आडवं पडून धापा टाकत असेल तर ओल्या फडक्यात घेऊन गार खोलीत न्या आणि डॉक्टरांना फोन करा. बर्फाचं पाणी ओतू नका. पण "उन्हामुळे खात नसेल" म्हणून कोणी बसून राहू नये.

आपल्या मुलांच्या पानावर सुट्ट्या लागण्याआधी एखाद्या पशुवैद्यांकडून यावर लिहून घ्यावं, अशी विनंती आहे. अमळनेरात ज्यांच्याकडे ग्रॅमचा काटा नाही, त्यांनी रविवारी सकाळी आठच्या आत गिनीपिग घेऊन दुकानात यावं. मी वजन करून देईन आणि मागच्या रविवारचा आकडाही वहीत ठेवीन.

आपला,
एक किराणा दुकानदार
अमळनेर, जि. जळगाव