पाणी आधी की मशीन आधी?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

1 जूनला सुरू झालेली मासेमारी बंदी 31 जुलैला संपते. त्याआधीच्या आठवड्यात किनाऱ्यावर जिकडेतिकडे मशीनचे आवाज ऐकू येऊ लागतात. माडाखाली किंवा पडवीसमोर लाकडी घोडीवर आउटबोर्ड (होडीच्या मागे टांगायचे) मशीन उभे करायचे, "चालू होते का बघू, दोन मिनिटे सुकेच फिरव" म्हणायचे आणि दोरी ओढायची, ही सर्रास पद्धत आहे. मशीन चालू झाले की काम झाले असे समजतात. प्रत्यक्षात त्या दोन मिनिटांतच पाण्याचा पंप खराब होतो. होडीवाल्यांनी आणि वॉटर स्पोर्ट्सवाल्यांनी ही पद्धत सोडावी यासाठी, मशीन दुरुस्तीचे काम करणारे आम्ही हे पत्र लिहीत आहोत.

या मशीनला थंड ठेवायला गाडीसारखा रेडिएटर नसतो. खाली गिअरच्या घरावर दोन्ही बाजूंना जाळ्या असतात, त्यांतून पाणी आत येते. त्यांच्या थोडे वर उभ्या शाफ्टवर बसवलेला रबरी इंपेलर, म्हणजे पात्यांचे चाक, ते पाणी सिलिंडरभोवती चढवतो. हा इंपेलर ज्या भांड्यात फिरतो त्याचा मध्य मुद्दाम एका बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे रबरी पाती एका बाजूला दुमडतात आणि दुसऱ्या बाजूला उघडतात. या उघडझापीनेच पाणी ओढले जाते. पाती भांड्याच्या स्टीलला सतत घासत असतात आणि त्यांना वंगण म्हणून फक्त ते येणारे पाणी असते. रेस न देता मिनिटाला 900 फेरे धरले, तरी अर्ध्या मिनिटात इंपेलर साडेचारशे वेळा फिरतो. कोरड्या स्टीलवर तेवढ्यात पात्यांची टोके तापून चकचकीत होतात, मग तडकतात.

हे नुकसान किनाऱ्यावर दिसत नाही, हीच खरी अडचण आहे. टोके झिजलेला इंपेलरही मंद वेगात मशीनच्या मागच्या भोकातून पाण्याची बऱ्यापैकी धार देतो. पण भरलेली होडी, उलटा वारा आणि पूर्ण थ्रॉटल अशा वेळी जेवढे पाणी लागते तेवढे तो चढवू शकत नाही. मशीन तापते आणि पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो, तोही किनाऱ्यापासून चार-पाच मैलांवर. तुटलेल्या पात्याचा तुकडा वरच्या वाटेत अडकला, तर नवा इंपेलर टाकूनही मशीन तापत राहते. म्हणून इंपेलर बदलताना जुन्याची पाती मोजावीत. एक तुकडा जरी कमी असला तरी तो सापडेपर्यंत खोललेले मशीन पुन्हा जोडू नये.

मशीन जमिनीवर चालवायचेच असेल तर दोन रबरी वाट्या आणि त्यांना जोडणारा स्प्रिंगचा चिमटा असलेला फ्लशर वापरावा. आधी पंखा (प्रोपेलर) काढून ठेवावा. गिअर चुकून पडला तर पंखा हात-पाय कापतो, न्यूट्रलचा भरवसा धरू नये. मशीन सरळ उभे असावे, तिरके नको. वाट्या पुढून सरकवून दोन्ही जाळ्यांवर नीट बसवाव्यात. काही मॉडेलना पुढच्या टोकाला किंवा पंख्यावरच्या आडव्या पट्टीखाली आणखी एक जाळी असते, तिथून हवा ओढली जाते. तिच्यावर चिकटपट्टी लावावी आणि काम झाल्यावर आठवणीने काढावी.

मग नळ पूर्ण सोडावा. पाणी पुरेसे आहे का हे बघायची सोपी रीत आहे: त्याच नळीने 20 लिटरची बादली दोन मिनिटांच्या आत भरली पाहिजे. घराच्या पत्र्यावरच्या टाकीला लांबलचक अर्ध्या इंची नळी जोडली तर पुष्कळदा एवढे पाणी येत नाही. नळी आखूड करावी किंवा छोटा मोटरपंप लावावा. वाट्यांच्या कडेने थोडे पाणी बाहेर उडत असेल तर काळजी नको, पंपाची गरज भागून उरलेले ते पाणी असते. कडा एकदम कोरड्या पडल्या किंवा नळी चेपू लागली, तर पंपाला पाणी कमी पडते आहे असे समजावे.

नळ सुरू झाल्यावरच मशीन चालू करावे. किल स्विचची, म्हणजे मशीन तातडीने बंद करायच्या स्विचची, दोरी हाताशी असू द्यावी. काही सेकंदांत मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार यायला हवी. अर्ध्या मिनिटात आली नाही तर मशीन लगेच बंद करावे. धार नीट असेल तर रेस न देता दहा मिनिटे चालू ठेवावे. एवढा वेळ यासाठी, की मशीन तापल्यावर उघडणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, उघडल्याशिवाय गोडे पाणी ब्लॉकमध्ये सगळीकडे पोचत नाही. दोन मिनिटांच्या धुण्याने आतले मीठ जागचे हलत नाही. रेस वाढवायची नाही याची दोन कारणे आहेत. पंख्याचा भार नसल्याने फेरे एकदम भलतेच चढतात, आणि वाढलेल्या वेगाला लागणारे पाणी नळी देऊ शकत नाही. फेरे मोजायची सोय असेल तर 1500 च्या पुढे जाऊ नये. संपवताना आधी मशीन बंद करावे, मग नळ. आतले पाणी पूर्ण निथळेपर्यंत मशीन उभेच ठेवावे.

रॉकेलवर चालणारे मशीन सुरू करताना आणि बंद करतानाही पेट्रोलवर असावे, नाहीतर पुढच्या वेळी कार्बोरेटरमध्ये रॉकेल साचलेले मिळते.

बऱ्याच फोर स्ट्रोक मशीनना बाजूला नळी जोडायचे एक वेगळे तोंड असते. ते सहसा फक्त मशीन बंद असताना धुण्यासाठी दिलेले असते. त्यातून जाणारे पाणी वरच्या ब्लॉकमध्ये शिरते, खालच्या इंपेलरपर्यंत खात्रीने पोचत नाही. त्या तोंडाला नळी लावून मशीन चालवले, तर भोकातून छान धार येत राहते आणि खाली इंपेलर कोरडाच फिरत असतो. धार दिसते म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते आणि पंप जातो. पुस्तिकेत स्पष्ट परवानगी नसेल तर या तोंडावर मशीन चालू करूच नये.

फ्लशर नसेल तर छोट्या मशीनसाठी 200 लिटरचे उघडे पिंप चालते. पाण्याची पातळी दोन्ही जाळ्या आणि वरची आडवी पट्टी बुडून थोडी वर राहील एवढी हवी, पंखा इथेही काढलेला. टू स्ट्रोकच्या ऑइलने पिंपातले पाणी लवकर काळे आणि गरम होते, ते बदलत राहावे. पत्र्याच्या बंद शेडमध्ये मात्र मशीन कधीच चालवू नये, मग बाहेर पाऊस असला तरी. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

धार आली नाही म्हणून लगेच पंप खोलायची घाई नको. पावसाळ्याआधी ठेवलेल्या मशीनच्या त्या भोकात कुंभारीण माशी मातीचे घर करते, कधी मिठाचा खडा बसलेला असतो. मशीन बंद करून तंगूसचा (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा) तुकडा भोकातून हळूच आत सारावा. तेवढ्याने धार सुटली तर ठीक. नाही सुटली तर इंपेलर बघावा. महिनोन्‌महिने एकाच जागी राहिल्याने पाती दुमडलेल्या अवस्थेतच कडक होतात. काढून हातात घेतल्यावर सगळी पाती सरळ उभी राहिली पाहिजेत. काही वाकलेलीच राहिली तर तो इंपेलर टाकून द्यावा. आमच्या मते खाऱ्या आणि गाळाच्या पाण्यातल्या मशीनचा इंपेलर दरवर्षी बदललेला बरा. नवा बसवताना पात्यांना साबणाचे पाणी लावावे, इंपेलरला शाफ्टवर अडकवणारी छोटी चावी जागेवर आहे ना ते बघावे, आणि शाफ्ट वरून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत भांडे खाली सरकवावे. उलटा फिरवला तर पाती उलटी दुमडतात.

मशीन निव्वळ चालू होईल की नाही एवढेच बघायचे असेल, तर प्लग काढून ठिणगी आणि कॉम्प्रेशन तपासता येते. त्याला मशीन चालवावे लागत नाही.

आता शीर्षकातला प्रश्न. आउटबोर्डला पाणी आधी, मशीन नंतर. जेट स्कीला बरोबर उलट: मशीन आधी, लगेच पाणी. आणि बंद करताना पाणी आधी, मग दोन-तीनदा हलकी रेस देऊन आतले पाणी फेकायचे, नंतर मशीन बंद. जेट स्कीला रबरी इंपेलरचा पंप नसतो, समुद्रात जेटच्या दाबानेच पाणी आत जाते. त्यामुळे मशीन बंद असताना नळ सोडला तर ते पाणी सायलेन्सरमध्ये साचून मागे सिलिंडरपर्यंत चढते. पाणी दाबले जात नाही, म्हणून स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो. मालवण, तारकर्ली, अलिबाग, मुरूडकडे एकाच माणसाच्या हाताखाली आउटबोर्डची बोट आणि जेट स्की दोन्ही असतात. एकाची सवय दुसऱ्यावर वापरली की हजारोंचा खर्च येतो. जेट स्कीला दोन-तीन मिनिटेच पुरतात, पुस्तिकेत लिहिलेली वेळ ओलांडू नये.

आतल्या डिझेल इंजिनाच्या नौका ओढून वर घेतल्यावर नळाची नळी थेट समुद्राच्या पाण्याच्या पंपाला जोडू नये. नळाचा दाब पंपातून पुढे गेला तर इथेही एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये पाणी जाण्याचा धोका असतो. पंपाच्या ओढीची नळी भरलेल्या पिंपात सोडावी आणि नळ त्या पिंपात. म्हणजे पंप हवे तेवढेच पाणी ओढतो. गिअर न्यूट्रलमध्येच हवा, कारण पाण्याबाहेर शाफ्ट फिरला तर पाण्यावर चालणारे रबरी बेअरिंग जळते.

आमची मागणी मोठी नाही. मत्स्यव्यवसाय विभाग आणि मच्छीमार सोसायट्यांनी प्रत्येक उतरणीच्या जागी गोड्या पाण्याचा एक नळ, पुरेशा दाबाची आखूड नळी आणि दोन-तीन मापांचे फ्लशर ठेवावेत. गावोगावच्या सागरमित्रांकडून (मच्छीमारांना मदत करायला सरकारी योजनेतून नेमलेल्या कार्यकर्त्यांकडून) जुलैच्या शेवटच्या आठवड्यात याचे एकेक तासाचे प्रात्यक्षिक करून घ्यावे. नळाच्या खांबावर दोन ओळी ठळक रंगवाव्यात: "आउटबोर्ड: पाणी सुरू, मशीन सुरू, मशीन बंद, पाणी बंद." त्याखाली, "जेट स्की: मशीन सुरू, पाणी सुरू, पाणी बंद, मशीन बंद." दोन्ही वेगवेगळ्या रंगांत, म्हणजे ओल्या हाताने घाईत उभ्या असलेल्या माणसालाही चटकन वाचता येतील.

आपले,
आउटबोर्ड मशीन दुरुस्त करणारे कारागीर,
मालवण तालुका, जि. सिंधुदुर्ग