प्रश्न विचारणारी मुलगी अश्रद्ध नव्हे

संपादक महोदय,
स. न.

ख्रिस्ती श्रद्धेवर बाहेरून कुणी टीका केली की आम्ही दुखावतो. घरातल्याच कुणी प्रश्न काढला, तर त्याला गप्प बसवतो. दुसऱ्या गोष्टीचे दुःख मला जास्त होते.

यंदा पवित्र गुरुवारी, म्हणजे येशूने शेवटच्या भोजनावेळी शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण करण्याच्या दिवशी, आमच्या चर्चमध्ये वेदीसमोर बारा खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांवर बारा पुरुष बसले, धर्मगुरूंनी त्यांचे पाय धुतले. मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) संपल्यावर माझ्या सोळा वर्षांच्या नातीने एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांना विचारले, "यात बायका का नाहीत?" उत्तर आले, "परंपरा आहे. श्रद्धेच्या गोष्टीत असले प्रश्न विचारायचे नसतात." घरी येईपर्यंत पोर एक शब्द बोलली नाही.

माझ्या लहानपणी इथे वसईत मिस्सा लॅटिनमध्ये होई. धर्मगुरू आमच्याकडे पाठ करून प्रार्थना म्हणत आणि मागे आमच्या आज्या रोझरीचे मणी ओढत बसत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या रोममधल्या सभेने, ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. पुढे वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली, तेव्हा 'आता पावित्र्य गेले' म्हणून हळहळणारी माणसे आमच्याच आळीत होती. माझी आजी मात्र त्या दिवशी रडली. जन्मभर गुडघे टेकून ऐकलेले शब्द तिला म्हातारपणी पहिल्यांदा कळले. तेव्हाही कुणीतरी प्रश्न विचारला असेलच ना?

पाय धुण्याचा विधी गुरुवारच्या मिस्सात आला तोच मुळी १९५५ च्या सुधारणेने. तेव्हाच्या नियमात 'पुरुष' असा शब्द होता. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालसुधारगृहात जाऊन मुलांबरोबर दोन मुलींचेही पाय धुतले. त्यातली एक मुस्लिम होती. त्यावर टीका पुष्कळ झाली. पण जानेवारी २०१६ मध्ये व्हॅटिकनने नियमच बदलला: स्त्रिया आणि पुरुष, तरुण आणि म्हातारे, धडधाकट आणि आजारी, सगळ्यांतून माणसे निवडता येतील. हा आदेश सक्तीचा नाही, हे मला मान्य आहे. पण ज्या प्रश्नाला रोमने उत्तर दिले, तो विचारणेच पाप, असे आमच्या पोरीला कोणत्या अधिकाराने सांगायचे?

योहानाच्या शुभवर्तमानात पाय धुऊन घ्यायला पहिला नकार पेत्राने दिला. गुरूने शिष्याचे पाय धुवावेत, हे त्याच्या परंपरेत बसत नव्हते. येशूने त्याला समजावून सांगितले, पंगतीतून उठवले नाही.

आमच्या धर्मगुरूंना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या पवित्र गुरुवारच्या आधी एका रविवारी २०१६ चा तो आदेश प्रवचनात वाचून दाखवावा. आणि खुर्च्या मांडायच्या त्या दिवशी नातीला बोलवावे. ती येईल, मी तिला घेऊन येईन.

आपली,
एक आजी, वसई