पाळण्याला परवाना देण्याआधी त्याच्या पिना तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सौंदत्तीची यल्लम्मा, चिंचलीची मायाक्का, वडगावची मंगाई, गावोगावच्या लक्ष्मी यात्रा आणि शहरातल्या मैदानांवर सुट्टीत भरणारी प्रदर्शने. आपल्या बेळगाव भागात वर्षभर कुठे ना कुठे आकाशपाळणा, ब्रेकडान्स, कोलंबस नाहीतर ड्रॅगन ट्रेन उभी असतेच. परवानगीसाठी पोलीस, अग्निशमन, हेस्कॉम (वीज कंपनी), महापालिका किंवा ग्रामपंचायत यांचे कागद जमवले जातात. पण फिरत्या यात्रेतला पाळणा दर मुक्कामाला पूर्ण सुटतो, ट्रकमध्ये भरला जातो आणि पुढच्या गावी नव्याने जोडला जातो. मागच्या गावच्या दाखल्यावरून इथली जोडणी कशी झाली ते कळत नाही. म्हणून तपासणी उभारणीनंतर, जागेवर आणि पहिले तिकीट फाडण्याआधी झाली पाहिजे, एवढीच आमची मागणी आहे.

तपासणीत काय पाहायचे, हे सविस्तर सांगणे गरजेचे वाटते.

सर्वांत आधी बोल्ट आणि पिना. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असतो. त्यातल्या पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की त्याची ताणशक्ती मिळते, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन. उभारणीच्या घाईत एखादा बोल्ट हरवतो आणि जवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून त्याच मापाचा साधा ४.६ चा बोल्ट आणून बसवला जातो. दिसायला तो सारखाच, ताकद मात्र निम्मी. नायलॉनची कडी असलेला नट पुन्हापुन्हा वापरला की त्याची पकड जाते आणि कंपनाने तो हळूहळू फिरू लागतो. पिन बाहेर सरकू नये म्हणून लावायच्या स्प्रिंग क्लिपच्या जागी खिळा किंवा बाइंडिंग तार दिसली, तर तो पाळणा तिथेच थांबवावा. कॅनडातल्या एडमंटन येथे १४ जून १९८६ रोजी रोलर कोस्टरच्या शेवटच्या डब्याची चाके निखळून तिघे दगावले. चाकांच्या जोडणीतले बोल्ट जागेवर नव्हते.

दुसरी गोष्ट, डोळ्यांना न दिसणारी. अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या जत्रेत २६ जुलै २०१७ रोजी फिरत्या पाळण्याचा एक हात तुटून एका तरुणाचा जीव गेला, सात जण जखमी झाले. तो पाळणा अठरा वर्षांचा होता. जत्रा सुरू होण्याआधी निरीक्षकांनी तो पाहून पासही केला होता. पण पोकळ बीम आतून गंजत गेला होता आणि पत्र्याची जाडी घटली होती. बाहेरून रंग चकचकीत असला तर नुसत्या नजरेला हे कळणार नाही. अहमदाबादला कांकरिया तलावाजवळ १४ जुलै २०१९ रोजी झुलणारा पाळणा मोडून कोसळला आणि दोन जीव गेले, तेव्हाही बसणाऱ्यांना आधी काही कळण्याची सोय नव्हती.

असा आतला गंज किंवा बारीक भेग शोधणे अवघड नाही. वेल्डच्या कडेला, जिथे हात मुख्य शाफ्टला (फिरणाऱ्या कण्याला) मिळतो तिथला रंग खरवडायचा, जागा स्वच्छ करायची, भेगेत शिरणारा लाल डाय फवारून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, पुसून घ्यायचे आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. पोकळ नळीची जाडी अल्ट्रासॉनिक गेजने बाहेरूनच मोजता येते. पिन बाहेर काढून तपासावी. ती भोकात झिजलेली असते आणि बसवल्यावर झीज दिसत नाही. हे सगळे काम बेळगावला रोज चालते. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या कारखान्यांतून इंजिनाचा महत्त्वाचा सुटा भाग भेगेची तपासणी झाल्याशिवाय गिऱ्हाइकाकडे जात नाही. ज्या लोखंडी हाताला आपली मुले लटकतात, त्याला निदान तेवढी कसोटी लागू व्हावी असे आम्हाला कळकळीने वाटते. साधने इथे आहेत, माणसेही आहेत.

जमिनीकडे तर कुणाचेच लक्ष जात नाही. शहापूर-वडगावचे शिवार काळ्या मातीचे, कृष्णाकाठही तसाच. काळी जमीन पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. तिच्यावर विटांचे थर रचून ठेवलेला पाया एका पावसात एका बाजूला खचतो, मग सगळा भार उरलेल्या पायांवर येतो आणि बेअरिंग घासू लागते. विटा चिरडतात, त्या वापरूच नयेत. खाली मुरूम दाबून, त्यावर जाड लाकडी स्लीपर आणि त्यावर बेसप्लेट असावी. लेव्हल रोज सकाळी आणि प्रत्येक सरीनंतर पाहावी. वळवाच्या दिवसांत वारामापक हवाच. युरोपीय मानकात चालू पाळण्यासाठी वाऱ्याची मर्यादा सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर धरतात. आमच्या मते यात्रेतल्या जुन्या आकाशपाळण्याने त्याच्या बरेच आधी थांबावे.

बसणाऱ्यांना आवळून धरणाऱ्या दांड्यातही नेहमीचा एक धोका आहे. एकाच दांड्यामागे बाप आणि सहा वर्षांचे पोर बसले, तर दांडा बापाच्या मांडीवर टेकतो आणि पोरापुढे वीतभर जागा मोकळी राहते. पाळणा झुलला की पोर त्यातून खाली घसरते. प्रत्येकाला वेगळा पट्टा हवा आणि उंचीची रेघ तिकीट खिडकीपाशीच आखलेली हवी. फ्लोरिडातल्या ऑरलँडो शहरात २४ मार्च २०२२ रोजी चौदा वर्षांचा मुलगा उंच मनोऱ्याच्या पाळण्यातून पडला. त्याच्या जागेवरचा सेन्सर हाताने बदलून ठेवला होता. त्यामुळे दांडा पुरता खाली आला नसतानाही यंत्राने हिरवा दिवा दाखवला. मोकळे केस, ओढणी आणि साडीचा पदर बांधून घेतल्याशिवाय कुणालाही बसवू नये, फिरत्या शाफ्टवर जाळी असावी.

तिकीट देणाऱ्याने पाळणा चालवू नये. एक माणूस पॅनेलवर, दुसरा प्रत्येक दांडा हाताने ओढून पाहणारा, आणि त्याने हात वर केल्यावरच बटण दाबायचे. सकाळी तीन फेऱ्या रिकाम्या, मग दर जागेला ७५ किलो वाळूच्या पोत्यांसह. आकाशपाळण्यात एका बाजूलाच पोती घालून ब्रेक धरतो का पाहावे. आपत्कालीन बटण रोज दाबून पाहावे. विजेला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग हवे.

राजकोटच्या गेम झोनला २५ मे २०२४ रोजी लागलेल्या आगीनंतर गुजरातने पाळण्यांसाठी स्वतंत्र नियम केले. बेळगाव जिल्हा प्रशासनाने अशा दुर्घटनेची वाट पाहू नये. यात्रेच्या परवानगीत तीन अटी घालाव्यात. उभारणीनंतर यंत्र अभियंत्याने जागेवर सही करावी; हात, शाफ्ट आणि पिना यांचा भेग तपासणीचा अहवाल जोडावा; आणि रोजच्या तपासणीचा कागद तिकीट खिडकीवर लावावा. तो कागद आणि सूचनाफलक कन्नडबरोबर मराठीतही असावेत. चिंचली, सौंदत्तीला कोल्हापूर, सांगलीकडून येणाऱ्या भाविकांना कन्नड वाचता येत नाही आणि उंचीची अट न वाचताच ते लेकराला पाळण्यात बसवतात. मंगाईची यात्रा ऐन आषाढात, भर पावसात येते. वडगावात पाळण्यांसाठी जागा ठरवताना मुरूम टाकून दाबलेली जमीन आहे का, हे महापालिकेने लिलावाआधीच पाहावे.

आपले,
उद्यमबागेतील काही यंत्र अभियंते व फिटर, बेळगाव