पॉइंट शूज घेण्याआधी घोटा तपासा

संपादक महोदय,

गणपती उरकले की ठाण्यातल्या नृत्यवर्गांत वार्षिक कार्यक्रमाच्या तालमी सुरू होतात आणि बॅले शिकणाऱ्या मुलींच्या घरी विषय निघतो: यंदा पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकांवर उभे राहून नाचायचे कडक टोकाचे बूट, घ्यायचे का? याचे उत्तर नाट्यगृहाच्या मिळालेल्या तारखेवरून ठरवू नये. वय साधारण ११-१२ पूर्ण झालेले असावे आणि काही वर्षे नियमित वर्ग झालेला असावा, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण वय भरले म्हणजे घोटा तयार झाला असे नाही.

घोट्याच्या सांध्यातले मुख्य हाड पुढच्या बाजूला रुंद आणि मागे अरुंद असते. पाऊल ताणले, म्हणजे बोटे खाली रोखली, की अरुंद भाग सांध्याच्या खाचेत येतो, सांधा सैल पडतो आणि त्याला धरून ठेवण्याचे काम स्नायूंवर येते. म्हणून ही चाचणी घरीच करून बघा. भिंतीला नुसती बोटे टेकवायची, एका पायावर उभे राहायचे, गुडघा ताठ, आणि टाच पूर्ण उचलायची. असे सलग २० वेळा, दोन्ही पायांवर. उंची शेवटपर्यंत तीच हवी. बहुतेक मुलींचे दहा-बारानंतर बिनसते: वजन करंगळीकडे घसरते, टाच आत वळते, पाऊल विळ्यासारखे दिसू लागते. याच स्थितीत पाय मुरगळतो आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध दुखावतात.

उपाय साधाच आहे. दोन्ही टाचांच्या मध्ये टेनिसचा चेंडू धरून टाचा उचलायच्या. टाच भरकटली की चेंडू पडतो, आईने ओरडावे लागत नाही. वर जाताना दोन मोजायचे, खाली येताना चार. धपकन खाली येणाऱ्या मुलीचा अर्धा व्यायाम वाया जातो. वजन अंगठा आणि शेजारच्या बोटामागच्या चवड्यावर, बोटे लांब; बोटे दुमडून लादी पकडणारी मुलगी पायाच्या कमानीचे काम चुकवत असते. शिवाय रबरी बँड चवड्याभोवती अडकवून करंगळीची कड बाहेर ओढायची, १५ वेळा, दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन-चार दिवस. रोज करून पोटऱ्या आखडवू नयेत.

तोलासाठी अनवाणी, एका पायावर ३० सेकंद. जमले की डोळे मिटून, मग घडी घातलेल्या चादरीवर. घोटा थरथरला तर थरथरू दे, तो कामाला लागला आहे. कंबर एका बाजूला कलली तर मात्र थांबावे. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, म्हणजे गणपतीनंतर सुरुवात करून डिसेंबरच्या रंगमंचावर पॉइंट हे गणित बहुधा जुळत नाही.

पाऊल पुरेसे ताणले जात नसेल, तर बुटाच्या सपाट टोकावर वजन नीट येत नाही, मागे राहते. त्यावर उपाय म्हणून कुणी मुलीच्या पायावर बसून ताण देत असेल, तर पालकांनी सरळ हरकत घ्यावी.

कथक किंवा भरतनाट्यम झालेल्या मुलीचे पाय दणकट असतात, पण आघात पेलणे वेगळे आणि ताणलेल्या पावलावर तोल धरणे वेगळे.

बुटाबद्दल थोडे. वाढत्या पायाला एक माप मोठा, हा शाळेच्या बुटांचा हिशेब इथे चालत नाही. पाय आत घसरून सगळा भार बोटांवर येतो. टोकाची पेटी कापड, कागद आणि गोंदाच्या थरांची असते. घामाने आणि आपल्या दमट हवेने ती मऊ पडते, म्हणून वर्गानंतर बूट पिशवीत कोंबून न ठेवता पंख्याखाली वाळवावेत. ताईचे जुने तर नकोतच, ते तिच्या पायाला बसलेले असतात.

सोसायटीच्या क्लबहाउसमधली गुळगुळीत लादी या कामाची नाही. खाली पोकळी असलेली लाकडी जमीन आणि वर न घसरणारे व्हिनाइल हवे. वर्ग चालवणाऱ्यांनी बुटांची यादी पालकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी प्रत्येक मुलीची वरची चाचणी घेऊन निकाल लेखी द्यावा. आणि घोट्याच्या मागे, टाचेच्या वर दुखत असेल, तर ती 'सवय नसल्याची' कळ समजून तालीम रेटू नये; आधी फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

– एक नृत्यशिक्षिका, पाचपाखाडी, ठाणे