घरोघरच्या संगणकांचा एक डाव

महोदय,

बुद्धिबळातला जगज्जेता कास्पारोव्ह याला १९९७ साली हरवणारा ‘डीप ब्लू’ हा खास बांधलेला महासंगणक होता. पण २००४च्या जानेवारीत ग्रँडमास्टर पीटर हाइने नील्सन यांच्याशी बरोबरी साधणारा ‘चेसब्रेन’ म्हणजे ५६ देशांतल्या २,०७० संगणकांची इंटरनेटवरून जोडलेली फळी होती. एका चालीचे उत्तर हाती आल्याशिवाय दुसरी किती खोल तपासावी हे ठरत नसल्याने असे काम वाटून देणे फार अवघड, म्हणून ती बरोबरी मला मोठी वाटते. आज ‘स्टॉकफिश’ या बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रणालीतले बदलही स्वयंसेवकांच्या संगणकांवर हजारो डाव खेळवून पारखले जातात, आमच्या रामबागेतल्या घरी नातू त्यासाठी रात्रभर संगणक चालू ठेवतो, पंख्याची घरघर माझ्या खोलीपर्यंत येते. इंदूरच्या महाविद्यालयांत सुट्टीभर झाकून ठेवलेले संगणक या कामी लावावेत, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, इंदूर