पितळी पाटीची अक्षरं भरताना

पुणे, १२ ऑक्टोबर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

वाडा उतरवताना आजोबांची पाटी काढून ठेवलीस, फार बरं केलंस. ती आधी चिंचेनं घासून मग कोरलेल्या अक्षरांत काळा रंग भरायचा तुझा विचार आहे. क्रम बरोबर आहे, पण चिंच नको. भांडं खळखळून धुता येतं, अरुंद अक्षर तसं धुता येत नाही. खाचेच्या तळाशी आंबट राहिलं की तिथे हिरवा कळंक धरतो आणि त्यावर रंग टिकत नाही. शिवाय चिंच जास्त वेळ ठेवली तर पितळेतलं जस्त आधी जातं आणि तांबूस डाग उरतात.

घासूनही फरक पडत नसेल आणि चकाकीखाली काळे ठिपके दिसत असतील, तर वर लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निशचा थर, आहे. कापसाच्या बोळ्यानं थिनर लावून ते उतरव. खिडक्या उघड्या ठेव, जवळपास गॅस पेटता नको.

अक्षरांतला जुना रंग निम्माअधिक सुटला असेल तर सगळाच काढ. जुना आणि नवा काळा शेजारी शेजारी कधीच जुळत नाहीत. जुन्या पाट्यांत कधी लाख असते, ती स्पिरिटनं मऊ होते. ऑइलपेंट असेल तर पेंट रिमूव्हर लावून पंधरा मिनिटं थांब. रंग कोरून काढायला बांबूची टोकदार काडी घे. सुई किंवा तारेचा ब्रश लागला की खाचेची धार जाते, आणि अक्षराचा सगळा रेखीवपणा त्या धारेतच असतो.

ब्रासो, म्हणजे पितळेचं पॉलिश, लावायचा तो आत्ताच. रंग भरल्यावर लावलास तर त्याची पूड कडेनं बसून पांढरी पडते आणि रंगाची चमकही मरते. मग साबणाच्या पाण्यानं, दात घासायच्या मऊ ब्रशनं धू, पूर्ण वाळव आणि शेवटी थिनरचं फडकं फिरव. पॉलिशचा तेलकटपणा राहिला तर रंग महिनाभरात पापुद्र्यासारखा निघतो.

रंग साधा काळा ऑइलपेंट, सगळ्यात लहान डबा. पुण्यात बोहरी आळीत हे सगळं एका फेरीत मिळेल. डबा हलवू नकोस, काडीनं ढवळ. हलवलं की बुडबुडे येतात आणि वाळल्यावर तिथे भोकं पडतात. दोन चमचे रंग झाकणात काढून थोडा घट्ट होऊ दे. शून्य नंबरच्या ब्रशनं खाच काठोकाठ भर, कोपऱ्यांत काडीनं ढकल. बाहेर सांडला तरी चालेल.

खरी कसोटी पुसण्यात आहे. मऊ फडकं बोटानं दाबून पुसलंस की ते खाचेत शिरतं आणि रंग उपसून काढतं. त्याऐवजी सपाट लाकडी ठोकळ्यावर जाड, गुळगुळीत कागद ताणून बसव. जुनी लग्नपत्रिका उत्तम. त्याला टर्पेंटाइनचा जेमतेम ओलावा दे, आणि रंगावर साय धरू लागली की अक्षरांच्या रेघांना तिरपा, हलक्या हातानं फिरव. दर वेळी कागदाची कोरी जागा घे. वाळताना रंग आक्रसतो, म्हणून खोल खाचेत दुसरा हात लागतोच. दोन हातांत एक पूर्ण दिवस जाऊ दे. उन्हात ठेवू नकोस, वरचा थर आधी वाळून सुरकुततो. पावसाळ्यात हे काम काढूच नये, ऑक्टोबर चांगला.

वरून लॅकर मारावं असं मला वाटत नाही. त्यातला थिनर ताजा रंग उचलतो, आणि उघड्या दारावर लॅकर तडकलं की ठिपके आतूनच काळे पडतात. आठवड्यानंतर मेणाचं पॉलिश पातळ लाव, दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. स्क्रू पितळीच घे, लोखंडी गंजून पाटीवर ओघळ सोडतात.

थिनर आणायच्या आधी दोन फोटो पाठव: एक अक्षर अगदी जवळून, तिरप्या उजेडात, आणि पाटीची मागची बाजू. खाच किती खोल आहे आणि आत लाख आहे की ऑइलपेंट, ते बघून सांगतो.

तुझा,
अविनाश