गाडी विकू नकोस, जानेवारीत ये

कऱ्हाड,
७ डिसेंबर

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू बोलता बोलता सांगून गेलास की पुण्याच्या कुणा हॉटेलवाल्याने तुझी येझदी मोटारसायकल मागितली आहे, हॉटेलच्या दारात शोभेला उभी करायला, आणि भावही बरा देतोय. तेव्हा मी काही बोललो नाही. हा विषय फोनवर उरकण्यातला नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय. माझं म्हणणं एवढंच आहे बंडू, की ती गाडी विकू नकोस. निदान जानेवारीतली आमची राइड होईपर्यंत थांब. तू ये, तुझ्याच गाडीवर आमच्याबरोबर चल, आणि मग काय ते ठरव.

तू मैसूरला गेलास तेव्हाही इथे जुन्या गाड्या होत्या, पण ज्याची त्याच्या दारात. आता थंडीतल्या रविवारी त्या एकत्र निघतात. क्लब म्हणायचा एवढंच, त्याला ना फी ना अध्यक्ष. निम्म्या जावा-येझदी, काही कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेट, राजदूत, आणि तरुण पोरांच्या आरएक्स हंड्रेड. माणसंही अशीच सरमिसळ. वकील आहेत, ऊस बागायतदार आहेत, हायस्कूलच्या चित्रकलेच्या बाई आहेत (त्यांची आरएक्स हंड्रेड वडिलांनी घेतलेली, अजून पहिल्या रंगात), आणि आपले मेस्त्री आहेत. ते नसते तर निम्म्या गाड्या कृष्णा पुलाच्या पलीकडे गेल्या नसत्या.

तू विचारलंस की या वयात पहाटेच्या गारठ्यात कशाला जाता. अरे, थंडी हाच या गाड्यांचा हंगाम आहे. पावसात ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटवर पाणी गेलं की गाडी गप्प, आणि सहा व्होल्टच्या वायरिंगला ओल सोसत नाही. उन्हाळा तर वैरीच. आपल्या इंजिनाला वाऱ्याशिवाय दुसरं थंड करणारं काही नाही. एप्रिलच्या उन्हात चढाला टू-स्ट्रोक तापली की पिस्टन फुगतो, सिलिंडरच्या बोअरमध्ये धरतो आणि मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं. डिसेंबरात मात्र हवा गार आणि दाट. सिलिंडर नीट भरतो, इंजिन मोकळं चालतं, आणि ज्या चढाला मे महिन्यात दुसऱ्या गियरवर रडत जायची तोच चढ तिसऱ्यावर घेते. दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले की आमचे फोन सुरू होतात.

जमायचं प्रीतिसंगमावर, उजाडायच्या जरा आधी. कृष्णा-कोयनेवरून धुकं उठलेलं असतं, यशवंतरावांची समाधीही नीट दिसत नाही. स्वेटरच्या आत छातीशी वर्तमानपत्राची घडी, कानटोपी आणि वर हेल्मेट. वाऱ्याला वर्तमानपत्राइतकं कुणी अडवत नाही, हे आपल्याला विद्यानगरच्या कॉलेजात असतानाच कळलं होतं.

मला त्यानंतरचा पाव तास सगळ्यात जास्त आवडतो, गाड्या चालू करण्याचा. जावावाल्यांनी जिकॉव्ह कार्ब्युरेटरचं टिकलर, म्हणजे त्यात पेट्रोल भरणारं बटण, बोटाने दाबून धरायचं, पेट्रोल बोटाला गार लागलं की सोडायचं. चावी न लावता दोन किका सावकाश, म्हणजे गारठलेल्या इंजिनात मिक्स्चर भरून घेतलं जातं. मग चावी, आणि एक किक ठासून. तोच दांडा परत खाली वळवला की गियर. नवीन पोरांना हे पहिल्यांदा दाखवलं की त्यांचे डोळे विस्फारतात, आणि मला दर वेळी तितकाच अभिमान वाटतो. बुलेटचं तंत्र वेगळं. डिकॉम्प्रेसर, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारा खटका, दाबून किक हळूहळू खाली न्यायची, अॅमीटरचा काटा मध्यावर आला की थांबायचं, डिकॉम्प्रेसर सोडायचा, किक पुन्हा वर घेऊन मग सलग, लांब, पूर्ण खालपर्यंत. घाई केली तर किक उलटी बसते आणि घोटा कामातून जातो. एक गाडी लागली की दुसरी, मग तिसरी, प्रत्येकीचा आवाज निराळा. काही वेळ कुणीच बोलत नाही. इंजिनं तापू द्यायची, चोक काढायचा, आयडलिंग लागतंय का ऐकायचं.

निघायचे नियम मात्र कडक आहेत, आणि ते मी कुणालाही मोडू देत नाही. सगळ्यात हळू गाडी पुढच्या माणसाच्या लगेच मागे. तिचा वेग तोच सगळ्यांचा वेग. सरळ रस्त्यावर एक डावीकडे, एक उजवीकडे असं तिरकं चालायचं, पुढच्यापासून दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं. घाटात मात्र एकामागे एक. फाट्यावर आपल्या मागचा दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही. शेवटी मेस्त्री, त्यांच्या डिकीत क्लच वायर, एक्सलेटर वायर, प्लग, चेनचं लॉक, पॉलिश पेपर, फ्यूज आणि टू-टी ऑइल. ज्याला सत्तर-ऐंशीने पळायचं आहे त्याच्यासाठी हायवे मोकळा आहे, त्याला आमच्यात यायची गरज नाही. आम्ही चाळीस-पंचेचाळीसने जातो. त्या वेगाला शेजारच्या शेतातला हरभरा दिसतो, गुऱ्हाळाचा वास येतो, आणि आपल्या इंजिनातला बारीकसा बदललेला सूरही ऐकू येतो.

रस्ता तुझ्या ओळखीचा. कृष्णा पूल, विद्यानगर, मसूर, रहिमतपूर, सातारा. साताऱ्यात बोगद्यातून बाहेर पडायचं, सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघर, आणि वर चाळकेवाडीचं पठार. पण मसूरच्या आधीपासून एक गोष्ट जीव मुठीत धरायला लावते, ती ऊस वाहतूक. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, कडेने ऊस लोंबलेला, मागे दिवा नाही आणि असलाच तर मातीने माखलेला. बैलगाड्या तर मुक्कामाला असल्याप्रमाणे रस्त्याकडेला उभ्या. आपल्या सहा व्होल्टच्या हेडलाइटचा उजेड म्हणजे ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाचा. म्हणून पुरेसं उजाडल्याशिवाय गाव सोडायचं नाही हे ठरलेलं. शिवाय प्रत्येकाच्या खिशात लाल रेडियमची पट्टी आणि कात्री असते. चहाला थांबलो आणि बैलगाडी दिसली की गाडीवानाला विचारून मागच्या फळीला पट्टी लावायची. तोडकरी पोटासाठी बीडहून, जालन्याहून येतात, बायका-मुलांसकट त्याच गाडीवर बसलेले असतात. त्यांच्या मागून येणाऱ्याला ते दिसले पाहिजेत, आपल्याइतकाच त्यांचाही जीव आहे. हे काम आमच्या राइडचा भाग आहे असं मी मानतो आणि बाकीचेही मानतात.

गेल्या रविवारी वकिलांची जावा बोगद्याच्या अलीकडे बंद पडली. नियमाप्रमाणे सगळे थांबले. मेस्त्री उतरले, पण गाडीला हात लावला नाही. आरएक्सवाल्या एका पोराला पुढे केलं. त्याने उजवीकडचं कव्हर काढलं, पॉइंट उघडून बघितले तर काळे पडलेले. पॉलिश पेपरची दुमडलेली पट्टी मधून दोनदा फिरवली, कोरड्या फडक्याने पुसलं, मग फीलर गेजची मापाची पातळ पट्टी मध्ये घालून पॉइंटमधला गॅप ०.४ मिलिमीटरला आणला. बाई मोबाइलचा उजेड धरून उभ्या. मेस्त्री नुसतं म्हणत होते, “घाई नको. स्क्रू आवळताना गॅप हलतो, परत मोज.” खरंच हलला होता, त्याने परत लावला. पहिल्या किकला गाडी लागली तेव्हा त्या पोराचा चेहरा तू बघायला हवा होतास. हे ज्ञान पुस्तकात वाचून येत नाही रे. मेस्त्री आज सत्तरीला आलेत. त्यांच्या हातातलं त्या पोरांच्या हातात जायचं असेल, तर गाड्या रस्त्यावर यायला हव्यात, बंद पडायला हव्यात आणि चारचौघांत दुरुस्त व्हायला हव्यात.

वर पठारावर पोचलो की पवनचक्क्यांच्या खाली गाड्या लावायच्या. गवत पिवळं पडलेलं, वारा बोचरा, ऊन कोवळं. भाकरी-पिठलं, खर्डा, आणि तासभर निवांत. उतरताना टू-स्ट्रोकवाल्यांना मी एकच सांगतो. एक्सलेटर पूर्ण बंद करून लांब उतार उतरायचा नाही. आपल्या इंजिनाला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल तोडलं आणि चाकाने इंजिन फिरत राहिलं तर पिस्टन कोरडा फिरतो. अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यायची. आणि ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही, तापला की लागत नाही.

आता तुझ्या गाडीचं. मागच्या महिन्यात तुझ्या वाड्यावर गेलो होतो, काकूंनी आग्रहाने चहा पाजला. गोठ्याशेजारच्या खोलीत गाडी आहे, वर जुनी सतरंजी. किक हाताने दाबून बघितली. कॉम्प्रेशन आहे, इंजिन जाम नाही. टाकीत तळाला गंज आहे, टायरना भेगा पडल्यात, पेट्रोल कॉकचं बूच वाळलंय, बॅटरी गेली. हे सगळं होण्यातलं आहे. खरी काळजी क्रँकच्या ऑइल सीलची. गाडी उभी राहिली की ते रबर कडक होतं, मग तिथून हवा ओढली जाते, मिक्स्चर पातळ होतं आणि पिस्टन भाजतो. रिंगा खोबणीत चिकटतात. म्हणूनच मला त्या हॉटेलवाल्याचा प्रस्ताव पटत नाही. तो माणूस वाईट नसेल, रोज पुसेलही. पण वरून पॉलिश चकाकत राहील आणि आतून गाडी वर्षभरात संपेल. टू-स्ट्रोक टिकते ती ऑइलमिश्रित पेट्रोल तिच्यातून फिरत राहिलं तरच.

आणि तू राहतोस कुठे याचा जरा विचार कर. यादवगिरीच्या ज्या कारखान्यात १९६१ पासून आधी जावा आणि पुढे येझदी बनल्या, त्याच गावात. १९९६ ला तो बंद पडला. नव्याने जावा-येझदी नावाच्या गाड्या येतात त्या फोर-स्ट्रोक, त्यांचा एक नट आपल्याला बसत नाही. म्हणजे तुझी १९७९ ची येझदी रोडकिंग गेली की तिच्या जागी दुसरी कुणी बनवणार नाहीये. तिथल्या जुन्या बाजारात सील किट, रिंगा आणि क्लच प्लेट मिळतात का बघशील? मूळ मापाच्या मिळाल्या तर माझ्यासाठीही एक जोड घे.

पेट्रोलचा एक नवा त्रास आहे, तो आधीच सांगून ठेवतो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते हवेतलं पाणी ओढतं, उभ्या गाडीच्या टाकीत पाणी तळाला बसतं आणि गंज धरतो. जुन्या रबराला ते मानवत नाही, आणि थंडीत पहिल्या किकला गाडी लागायला त्रास होतो. ज्या उसाच्या ट्रॉल्या चुकवत आपण जातो, त्यातल्या उसाचा काही भाग इथेनॉल होऊन फिरून आपल्याच टाकीत येतो. आम्ही उपाय शोधलेत. पेट्रोल पाइप आणि वॉशर इथेनॉल सोसणारे घातले, कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा मेन जेट एक नंबर मोठा केला, ऑइल लिटरला ४० मिली आणि तेही आधी वेगळ्या डब्यात नीट हलवून. राइडवरून आलो की कॉक बंद करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं.

कागदपत्रांचं बघ. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन नूतनीकरण करावं लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे, पण तुझी त्यात अजून बसत नाही, आणि बसली तरी मी नको म्हणेन. त्या नोंदणीवर गाडी रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली अशा ठराविक कारणांसाठीच काढता येते. गाडी तुझ्या वडिलांच्या नावावर असेल तर वारस म्हणून नाव बदलून घ्यावं लागेल, त्याला तुझी सही लागेल. आरटीओतल्या खेपा मी घालतो.

राइड संक्रांतीनंतरच्या रविवारी आहे. हे पत्र मिळालं की मला एवढं कळव: हॉटेलवाल्याला थांब म्हणालास का, आरसी बुक कुठे आहे, आणि चावी काकूंकडे आहे की तुझ्याकडे. तुझा होकार आला की दुसऱ्या दिवशी टेम्पो करून गाडी मेस्त्रींकडे हलवतो. खर्चाचं नंतर बघू. तू शुक्रवारी मिरजेला उतर, मी घ्यायला येतो. शनिवारी विद्यानगरपर्यंत एक फेरी मारू, क्लच आणि ब्रेक तुझ्या हाताला बसवून घेऊ. जॅकेट आणू नकोस, माझ्याकडे जादा आहे. बूट मात्र घोट्याच्या वरचे आण.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तर लगेच दे.

तुझा,
अण्णा